धावेवरची बोट

माझ्या नोकरीची बत्तीस वर्षं पाणी खाली नेण्यात गेली. धरणातून मुख्य कालव्यात, मुख्य कालव्यातून वितरिकेत, वितरिकेतून चारीत आणि चारीतून कुणाच्या तरी उसात. पाणी आपणहून उताराला लागतं, त्यात साहेबाची काय गरज, असं आमच्या सासऱ्यांना शेवटपर्यंत वाटत होतं. त्यांचं फारसं चुकत नव्हतं. आमचं काम पाण्याशी कमी आणि माणसांशी जास्त. आवर्तन कधी सुटणार, रात्रीत दार कुणी उचललं, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी का पोचलं नाही, यातच दिवस जायचा.

त्यामुळे निवृत्तीनंतर लेकीकडे पोलंडला गेलो आणि ती म्हणाली, "बाबा, रविवारी तुम्हाला एक कालवा दाखवायचाय," तेव्हा माझा चेहरा पडलाच असणार. हलवायाला कुणी पेढे खायला बोलावतं का? ही मात्र खूश. "निदान तिथं कुणी 'साहेब, पाणी कधी सुटणार' म्हणून आडवं येणार नाही," म्हणाली आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या करायला घेतल्या.

लेक ग्दान्स्कला असते. तिथून साठेक किलोमीटरवर एल्ब्लाँग नावाचं शहर आहे. पोलिश लोक शेवटच्या अक्षराचं काय करतात ते मला दोन महिन्यांत जमलं नाही. गरम वडा तोंडात असताना 'लांब' म्हणायला गेलं, तर थोडंफार जवळ पोचता येतं. या शहरातल्या नदीच्या धक्क्यावरून सकाळी बोट सुटते, पाचेक तासांनी बुचिन्येत्स नावाच्या खेड्यात सोडते, आणि तिथून बसने अर्ध्या तासात परत. हिने लगेच विचारलं, "मग बसनंच जाऊया की." लेक म्हणाली, "आई, थांब जरा."

बोट लांबट, अरुंद, बसकी. डेकवर बाकं, खाली लहानशी खोली. दिसायला आपल्याकडच्या धरणांवर सहलीला असतात तशीच, फक्त स्वच्छ. नदी सोडली की बोट द्रुज्नो तळ्यात शिरते. तळं म्हणायचं, पण ते इतकं उथळ आहे की बोटीसाठी खुणा लावून वाट आखून दिलेली आहे. त्या वाटेबाहेर गेलं की गाळ. दोन्हीकडे लव्हाळं, पांढरी-पिवळी कमळं, आणि पक्षी तर मोजदाद करू नये इतके. १९६७ पासून हे राखीव अभयारण्य आहे. हा सगळाच भाग सखल, काही ठिकाणी समुद्रसपाटीच्याही खाली. काही शतकांपूर्वी मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या डच लोकांनी बांध घालून, पवनचक्क्यांनी पाणी उपसून इथल्या दलदलीची शेतं केली. आजही उपसा थांबला तर शेतं पाण्याखाली जातील. पाणथळ जमीन आणि चर यांच्यावर मी कितीतरी अहवाल लिहिले आहेत, त्यामुळे इथे मी जरा सावरून बसलो. कालवा नाही तर नाही, ड्रेनेज तरी बघायला मिळालं.

तळं संपून कालवा सुरू झाला. रुंदी आपल्या एखाद्या वितरिकेएवढी, काठावर गवत आणि झाडं, अस्तरीकरण कुठे दिसलं नाही. मनातल्या मनात गळतीचा अंदाज काढत होतो, तेवढ्यात समोर कालवा संपला.

खरोखरच संपला. पुढे हिरवीगार टेकडी. त्या टेकडीवर, लॉनसारख्या कापलेल्या गवतातून, रुळांच्या दोन जोड्या वर गेलेल्या. रूळ पाण्यात बुडलेले, म्हणजे पाण्यातूनच बाहेर येऊन टेकडी चढणारे. आणि रुळांवर लोखंडी सांगाड्याचा एक गाडा, दोन्ही बाजूंना कठडे असलेला, अर्धाअधिक पाण्यात. आमची बोट सावकाश त्या कठड्यांच्या मध्ये शिरली. खलाशाने दोर बांधले. कुठेतरी धातूवर ठण्णकन ठोका पडला. मग काही सेकंद काहीच नाही. आणि मग बोटीला खालून कुणीतरी हलकेच उचलल्यासारखं वाटलं.

आम्ही पाण्याबाहेर येत होतो. बोटीच्या अंगावरून पाणी निथळत होतं आणि आम्ही बाकांवर बसल्याबसल्या टेकडी चढत होतो. डावीकडे गवत, उजवीकडे गवत, आणि शेजारच्या रुळांवरून दुसरा रिकामा गाडा खाली येत होता. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही. चाकांची कुरकुर आणि दोराचा घरघराट, एवढंच. इकडचे लोक म्हणतात की इथे बोटी गवतावरून चालतात. जाहिरातवाल्यांच्या वाक्यांवर माझा विश्वास नसतो, पण हे वाक्य त्यांना फुकटच मिळालं आहे. माथ्यावर गाडा क्षणभर सपाट झाला, मग पुढे झुकला आणि वरच्या कालव्याच्या पाण्यात उतरला. बोट तरंगली. दोर सोडले. पुढे चला.

ही म्हणाली, "पालखी उचलावी तशी उचलली की."

अशा पाच उतरणी आहेत. शाळेत साध्या यंत्रांच्या धड्यात तरफ, कप्पी, उतरण शिकवतात ना, तीच उतरण. एल्ब्लाँगकडून गेलं की आधी त्सावुनी, मग येलेन्ये, ओलेश्नित्सा, काँती आणि शेवटी बुचिन्येत्स. त्सावुनीची चढण सगळ्यांत लहान, बाकीच्या वीस मीटरच्या आसपास. सगळ्या मिळून दहा किलोमीटरच्या आत बोट सुमारे शंभर मीटर वर जाते.

हे कुणाला सुचलं? हा प्रदेश तेव्हा पोलंड नव्हता, प्रशियाच्या राज्याचा पूर्व भाग होता. दक्षिणेला ओस्त्रुदाच्या बाजूला तळी आणि घनदाट जंगलं, उत्तरेला समुद्र. जंगलातलं लाकूड समुद्राला न्यायचं तर नद्यांवरून मोठा वळसा घालून विस्तुला नदीपर्यंत जावं लागे आणि मग खाली. सरळ उत्तरेला जायला मध्ये हा शंभर मीटरचा कडा आडवा. ग्योर्ग याकोब श्टेंके हा १८०१ साली क्योनिग्सबर्गला, म्हणजे आजच्या कालिनिनग्रादला जन्मलेला सरकारी इंजिनिअर. १८४४ मध्ये त्याच्या देखरेखीखाली काम सुरू झालं आणि १८६० मध्ये कालवा वाहतुकीला खुला झाला. सोळा वर्षं. आमच्या खात्याच्या मानाने फार नाहीत.

कालव्यातली उंची साधारणपणे लॉक बांधून चढतात. दोन दारांमधला हौद, बोट आत घ्यायची, वरून पाणी सोडायचं, हौद भरला की बोट वर. पण शंभर मीटर चढायचे तर अशी लॉकं डझनांनी लागणार, आणि प्रत्येक बोटीमागे प्रत्येक हौदाचं पाणी वरच्या तळ्यांतून खाली जाणार. वर श्टेंकेने आधीच काही तळ्यांची पातळी उतरवून ती एका पातळीत आणली होती, म्हणजे तिथे बोटींना लॉक लागू नये. एवढं करून मिळवलेली लांबच लांब सपाटी आणि तिच्यातलं पाणी लॉकांमध्ये ओतायचं त्याला परवडलं नसणार. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये मॉरिस कालव्यावर बोटी रुळांवरून चढवत असत, तिथे अशा तेवीस उतरणी होत्या. तो नमुना त्याने घेतला. मॉरिस कालवा १९२४ मध्ये बंद झाला. त्याची ही प्रशियातली नक्कल मात्र अजून चालते आहे. त्सावुनीला सुरुवातीला लाकडी लॉकंच होती. १८८० च्या सुमारास तीही काढून तिथे पाचवी उतरण केली आणि तिला टर्बाइन बसवलं. बाकी चार उतरणींना जलचक्र.

दुसऱ्या उतरणीवर, येलेन्येला, मी उभा राहून बघायला लागलो. रूळ केवढे! दोन रुळांमधलं अंतर ३.२७ मीटर, आपल्या ब्रॉडगेजच्या जवळपास दुप्पट. दोन गाडे एकाच दोराच्या फेऱ्यात अडकवलेले, एक वर येतो तेव्हा दुसरा खाली जातोच. रिकामे असतील तर एकमेकांना तोलून धरतात, मग उरतं ते बोटीचं वजन आणि घर्षण. तेवढ्यासाठी चाक. वरच्या कालव्यातून नळाने पाणी आणायचं, जलचक्रावर सोडायचं, चक्र मोठ्या पिंपाला फिरवतं, पिंपावर दोर गुंडाळला जातो.

लेकीने फोनवर स्कॉटलंडमधलं फाल्कर्कचं चाक दाखवलं. ते २००२ चं, बोटीला पाण्याने भरलेल्या हौदासकट आकाशात फिरवून चोवीस मीटर वर नेणारं. तिथे हिशेब वेगळा. बोट तरंगताना आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते, त्यामुळे हौदात बोट असो वा नसो, वजन तेवढंच राहतं आणि दोन हौद एकमेकांना तोलतात. फार देखणी गोष्ट आहे. पण तिथे बोटीला आपण पाण्याबाहेर आहोत हे कळतसुद्धा नाही. इथे बोट सगळं पाणी खाली सोडून, ओल्या बुडाने, उघडी टेकडी चढते. मला ही जास्त आवडली. का ते सांगता येणार नाही, कदाचित यात लपवालपवी नाही म्हणून.

मी लेकीला हे सगळं समजावत होतो. हेड, डिस्चार्ज, कार्यक्षमता. कागद असता तर आकृती काढली असती. ही पुरीचा तुकडा हातात धरून खाली येणाऱ्या रिकाम्या गाड्याकडे बघत होती. एकदम म्हणाली, "अहो, ही मोटच की ओ!"

मी थांबलो.

"बैल धावेवरनं खाली जातात, मोट वर येते. तसंच की. खाली जाणाऱ्याच्या वजनानं वर जाणारं वर."

हिचं माहेर शिरोळ भागातलं. लहानपणी विहिरीवर मोट चालू होती, पुढे मोटारी आल्या. धाव म्हणजे विहिरीपासून उतरत गेलेली ती वाट. बैल उतार उतरतात, नाडा ताणला जातो, चाक कुरकुरतं, भरलेली मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी होते. मग बैल मागे पावलं टाकत धाव चढतात आणि मोट पुन्हा विहिरीत. ही सांगते, उतरताना मोट हाकणारे आबा नाड्यावर बसायचे आणि हिलाही शेजारी बसवून घ्यायचे. लाड म्हणून नव्हे, वजन म्हणून. "मी बसले की बैलांना हलकं व्हायचं, असं आबा म्हणायचे. मी म्हणजे कामाची होते."

आता बघा, मी स्थापत्य अभियंता. मोट मीही पाहिली आहे. तरी बत्तीस वर्षांच्या नोकरीत आणि या बोटीवरच्या दोन तासांत मला मोट आठवली नव्हती. लेक हसत सुटली. तिच्यासाठी मोट म्हणजे पुस्तकातलं चित्र.

आणि त्यावरून मला आमचे एक म्हातारे पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी सोडणारे, आठवले, ही आठवण मी एरवी सांगत नाही. कालव्याला जिथे जमिनीचा उतार जास्त असतो तिथे आम्ही फॉल बांधतो, गावात त्याला धबधबाच म्हणतात. पाणी एका जागी उभं पाडायचं, म्हणजे बाकी कालवा हवा तेवढ्याच मंद उताराने नेता येतो. पण पडलेल्या पाण्यात जोर असतो, तो खालचा तळ उखडून काढतो. म्हणून खाली हौद करायचा, त्यात काँक्रीटचे ठोकळे उभे करायचे आणि पाण्याला त्यांच्यावर आपटून आपटून थकवायचं. पाण्याचा जोर मोडायचा, असंच आम्ही म्हणायचो. असे बरेच फॉल मी केले. एकदा दुरुस्तीच्या वेळी ते पाटकरी माझ्याशेजारी उभे होते. फेसाळत्या पाण्याकडे बघत म्हणाले, "सायेब, येवढं पानी हितं रोज आपटून घेताय. त्येला कायतरी कामाला लावा की."

मी हसलो होतो. म्हणालो, बाबा, हे आमच्या डिझाइनमध्ये नाही. तेही हसले. तो विषय तिथेच संपला आणि आम्ही ठोकळ्यांची दुरुस्ती करून घेतली.

कालव्यांच्या फॉलवर वीज करता येते, काही ठिकाणी केलेलीही आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं. छोट्या फॉलचा हिशेब बसत नाही, हेही खरं. पण ओलेश्नित्साच्या टेकडीवरून चढताना हिशेबाचं काही वाटलं नाही. त्या म्हाताऱ्याचं वाक्य तेवढं वाटलं. श्टेंकेच्या हातातही एक कडाच होता, शंभर मीटरचा, मी आयुष्यभर हाताळलेल्या सगळ्या फॉलच्या बेरजेहून मोठा. त्याने पाण्याला खाली जाऊ दिलं, आणि जाता जाता बोट वर ओढून घे म्हणून सांगितलं.

काँतीच्या आधी बोट थोडा वेळ थांबली, समोरून दुसरी बोट उतरणार होती. त्या वेळात डेकवरचे एक पोलिश गृहस्थ लेकीशी बोलायला लागले. आम्ही भारतातले कळल्यावर त्यांचा पहिला प्रश्न: कोल्हापूर माहीत आहे का? लेक म्हणाली, हे दोघे कोल्हापूरचेच. मग त्यांनी माझा हात हातात घेतला तो बराच वेळ सोडला नाही.

पोलंडमध्ये हे मला दुसऱ्यांदा घडत होतं, म्हणून आता आश्चर्य वाटलं नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून १९४८ पर्यंत, कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. १९४० मध्ये सोव्हिएत फौजांनी त्यांना पूर्व पोलंडमधल्या घरांतून उचलून सायबेरियाला नेलं होतं. तिथून सुटका झाल्यावर इराणमार्गे ती कुठे कुठे पांगली, त्यातली काही थेट पंचगंगेकाठी आली. माझे वडील तेव्हा शाळकरी. गोऱ्या, पिंगट केसांच्या मुली रंकाळ्यावर फिरायला यायच्या, त्यांच्या तोंडी मोडकं मराठी ऐकून बाजारातल्या बायका पदर तोंडाला लावायच्या, एवढंच ते सांगायचे. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, ते लेकीने आल्या आल्या दाखवलं होतं.

युद्ध संपलं तेव्हा त्या लोकांची गावं पोलंडमध्ये उरलीच नव्हती, ती सोव्हिएत हद्दीत गेली होती. उलट एल्ब्लाँग, जे तेव्हा एल्बिंग होतं, जर्मनांकडून पोलंडकडे आलं. शहर जवळजवळ जमीनदोस्त झालेलं. जर्मन रहिवासी गेले आणि रिकाम्या गावांत पोलिश कुटुंबं आली. त्यांतली कितीतरी पूर्वेकडची घरं गमावलेली. त्याच सुमारास वळिवड्याच्या रिकाम्या बराकींत सिंधी निर्वासित उतरत होते, तेच आजचं गांधीनगर. दिवाळीचे कपडे घ्यायला आम्ही तिथे जायचो. एकाने सोडलेल्या चुलीवर दुसऱ्याने आधण ठेवायचं, हे त्या दोनतीन वर्षांत जगात किती ठिकाणी चाललं असेल!

कालव्याचंही युद्धात नुकसान झालं होतं. ज्यांनी तो पिढ्यान्पिढ्या चालवला ते निघून गेलेले, आणि आलेल्यांपैकी बहुतेकांनी असलं काही आयुष्यात पाहिलेलं नसणार. तरी १९४८ मध्ये बोटी पुन्हा टेकडी चढायला लागल्या. लाकडाची वाहतूक तर रेल्वेने कधीच पळवली होती. सहलीच्या बोटींनी कालवा जिवंत ठेवला, आणि त्या १९१२ पासून चालू होत्या. २०११ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला आणि मग मोठी दुरुस्ती झाली. दुरुस्तीत जुनं चाक काढून मोटार बसवण्याचा मोह कुणाला झाला नाही, याबद्दल तिथल्या इंजिनिअर मंडळींना माझा नमस्कार. आमच्याकडे पहिली निविदा मोटारीचीच निघाली असती.

बुचिन्येत्सला उतरलो. इथे श्टेंकेच्या आठवणीचा दगड उभा आहे, लहानसं संग्रहालय आहे, आणि यंत्रघरात जाता येतं. संग्रहालय मी भरभर उरकलं, ही आणि लेक बाहेर बाकावर बसल्या. यंत्रघरात मात्र पाय निघेना. विटांची खोली, तेलाचा आणि ओल्या लाकडाचा वास. मोठमोठी दातेरी चाकं. आणि आतल्या बाजूला, अंधारात, आठ मीटर व्यासाचं जलचक्र, दोन मजली घराएवढं. ते थांबलेलं होतं. पात्यांवरून पाणी ठिबकत होतं.

यंत्रचालक पन्नाशीचा असेल. मी दारात उभा राहून आत बघतोय हे पाहून त्याने खुणेने विचारलं, कुठले? मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "इरिगेशन." हा शब्द त्याला कळला की नाही कोण जाणे, पण मी कुठल्या जातीचा माणूस आहे ते कळलं असावं. त्याने मला आत घेतलं आणि बाजूला उभं केलं. खालून ठोका आला. एक बोट चढणार होती.

त्याने पाण्याच्या दाराचं हातचाक धरलं आणि फिरवायला लागला. नळात पाणी घुमलं. अंधारातलं चक्र आधी नुसतं शहारलं, मग एक पातं खाली गेलं, दुसरं आलं, आणि दातेरी चाकांनी एकमेकांना धरलं. पायाखालची फरशी थरथरायला लागली. मी चक्राकडे बघायला हवं होतं, पण माझं लक्ष त्याच्या हातांकडे. दार किती उचललं हे आटे मोजूनच कळतं, ही सवय बत्तीस वर्षांची. ओठ हलत असणार माझे.

त्याने हात थांबवले आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हातांची बोटं दाखवली, मग आणखी चार. चौदा.

त्याने मान हलवली. एक बोट वर केलं. पंधरा.